पीटर रॅबिट मराठीत करताना कोणती आवृत्ती धरावी? चित्रं, हक्क, छपाई

पानखूण

बिअॅट्रिक्स पॉटरच्या 'द टेल ऑफ पीटर रॅबिट'चा मराठी अनुवाद करून छोट्या आकारात ५०० प्रती छापायच्या आहेत. कच्चा अनुवाद झाला आहे. चित्रं मूळचीच हवीत. अडलंय ते असं:

१. हाताशी असलेल्या दोन प्रतींत चित्रांची संख्या जुळत नाही. एकीत मॅकग्रेगरबाई (गोष्टीतल्या बागवाल्या मॅकग्रेगरची बायको) दिसतात, दुसरीत नाहीत. दोन्हींत १९०२ हे साल आहे. यातली 'खरी' कोणती?
२. भारतात हक्कांची स्थिती काय?
३. जुन्या प्रतीवरून स्कॅन केलेली चित्रं छपाईच्या नमुन्यात मळकट आली आणि पीटरच्या निळ्या कोटावर चौकटीसारखी नक्षी उमटली. असं का होतं?
४. गूझबेरीला 'आवळा' आणि पायला (सारण भरून भाजलेल्या पदार्थाला) 'पाय' असं तूर्त ठेवलंय. चालेल?

जुनाबाजार

पहिल्याचं उत्तर देतो. खरी-खोटी असं काही नाही. हे पुस्तक पहिल्या दोन वर्षांतच तीनदा बदललं.

सुरुवात पत्रातून. ४ सप्टेंबर १८९३ ला स्कॉटलंडमधल्या डंकेल्डहून पॉटरनं नोएल मूर या आजारी मुलाला एक चित्रपत्र पाठवलं. नोएल हा तिच्या जुन्या शिक्षिकेचा मुलगा. गोष्टीचा सांगाडा या पत्रात आहे. १९०० च्या सुमारास तिनं ते पत्र परत मागवलं, गोष्ट वाढवली आणि प्रकाशकांकडे पाठवली. सगळीकडून नकार आला. तिला पुस्तक छोटं आणि स्वस्त हवं होतं, यावरही अडत होतं.

मग तिनं ते स्वखर्चानं छापलं. डिसेंबर १९०१, २५० प्रती, लंडनचा स्ट्रेंजवेज छापखाना. आतली ४१ चित्रं काळ्या रेषांची आणि फक्त मुखचित्र रंगीत. फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २०० प्रती निघाल्या. या दोन छपाया ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठ: पहिलीची सपाट, दुसरीची गोलाकार.

तोवर आधी नकार देणाऱ्या फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन कंपनीनं मन बदललं होतं. अट एकच, चित्रं रंगीत हवीत. पॉटर आधी रंगाला राजी नव्हती. एक तर खर्च, आणि दुसरं म्हणजे बहुतेक चित्रं सशाच्या तपकिरी नि पाल्याच्या हिरव्या रंगाचीच होणार, ती काय रंगवायची! शेवटी तयार झाली. ४२ चित्रं कापून ३२ च्या आसपास आणायचं ठरलं आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये वॉर्नची आवृत्ती आली, मुखचित्र धरून ३१ रंगीत चित्रांची. पहिल्या ८,००० प्रती बाजारात येण्याआधीच नोंदल्या गेल्या होत्या, आणि वर्ष संपेपर्यंत आकडा २८,००० वर गेला. किंमत कागदी पुठ्ठ्यात एक शिलिंग, कापडी बांधणीत दीड.

१९०३ मध्ये पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चित्रांची अस्तरपानं लावायचं ठरलं. त्यासाठी जागा करायला चार चित्रं काढून टाकली. मॅकग्रेगरबाई तिथं गेल्या. पुढची जवळपास शंभर वर्षं जगानं पाहिलं ते हे २७ चित्रांचं पुस्तक. २००२ च्या शताब्दी आवृत्तीत सहा चित्रं घातली गेली: ही चार, आणि १९०२ साठी तयार करून न वापरलेली दोन.

म्हणजे तुमची बाई असलेली प्रत एक तर १९०२-०३ ची आहे, नाही तर २००२ नंतरची. कागद हातात घेतला की कळेलच.

आणि '१९०२' वर जाऊ नका. पुढच्या सगळ्या पुनर्मुद्रणांत हक्काच्या ओळीत ते साल असतंच. अगदी पहिल्या छपाईत ते शीर्षकपानावर, प्रकाशकाच्या नावाखाली असतं, अस्तरपानावर चित्रांऐवजी पानांची नक्षी असते, आणि ५१ व्या पानावर जाळीत अडकलेला पीटर रडतो तिथं 'वेप्ट' हा शब्द आहे. नंतर तिथं 'शेड' आलं. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्या तरच पुढे बघायचं.

सशाचेकान

वॉर्नची प्रत मिळणं दुर्मीळच. पण १९०१ ची खासगी आवृत्ती नेटवर सहज दिसते. अनुवादाला तीच धरावी ना? लेखिकेच्या मनातली पहिली तीच.

जुनाबाजार

धरू नये असं माझं मत. वॉर्नच्या आवृत्तीसाठी मजकुराला कात्री तिनं स्वतःच लावली आणि चित्रंही नव्यानं केली. तिच्या संमतीनं झालेली सुधारणा मागे सारून आधीचा खर्डा छापायला काही कारण लागतं. अभ्यासकांसाठी वेगळं पुस्तक काढायचं असेल तर जरूर.

जाता जाता: हार्डविक रॉन्सली या तिच्या पाद्री स्नेह्यानं ही गोष्ट पद्यात करून प्रकाशकांना पाठवली होती. वॉर्ननं ते पद्य बाजूला ठेवून तिचं साधं गद्यच मागितलं. मराठीत मुलांचं पुस्तक म्हटलं की यमकं जुळवायचा मोह होतो, म्हणून सांगून ठेवलं.

कलमदान

हक्कांबद्दल. पॉटरचं निधन २२ डिसेंबर १९४३ ला झालं. लिखाण आणि चित्रं दोन्ही तिचीच, त्यामुळे एकच मुदत मोजायची. भारतात निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २००३ अखेर हक्क संपले. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, ते २०१३ अखेर. पुस्तक भारतात विकणार असाल तर अनुवादाला कुणाची परवानगी लागत नाही.

तरी दोन ठिकाणी सांभाळा.

पहिलं, ट्रेडमार्क. वॉर्न कंपनी १९८३ पासून पेंग्विनकडे आहे, आणि पीटरचं नाव व निळ्या कोटातली आकृती ट्रेडमार्क म्हणून नोंदलेली आहे. हक्क संपणं वेगळं, ट्रेडमार्क वेगळा. तो नूतनीकरण करत राहिलं तर संपत नाही. गोष्टीच्या शीर्षकात नाव येणं हा एक भाग. पण मुखपृष्ठावर ठसठशीत बोधचिन्हासारखं नाव, वॉर्नच्या पांढऱ्या मालिकेसारखी मांडणी, सोबत मग, पिशव्या, वाचनखुणा, हे करू नका. पॉटरबाई यात पहिल्यापासून पक्क्या होत्या: डिसेंबर १९०३ मध्येच पीटरच्या बाहुलीचं पेटंट नोंदवलं होतं. छापण्याआधी एकदा ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलाला मुखपृष्ठ दाखवा.

दुसरं, चित्रं कुठून घेता. वॉर्ननं १९८७ मध्ये आणि पुन्हा २००२ मध्ये मूळ जलरंगांवरून नवी पुनरुत्पादनं करून घेतली आणि त्यांवर वेगळी हक्कओळ घातली. सध्या दुकानात मिळणाऱ्या प्रतीवरून स्कॅन करणं म्हणजे विनाकारण वाद ओढवून घेणं. जुन्या छपाईवरूनच घ्या. यामुळे तुमचा चित्रांचा प्रश्नही सुटतो: २००२ ला आलेली शेवटची दोन चित्रं सोडूनच द्या. संच २७ चा करा किंवा ३१ चा.

नेटवरून चित्रं उतरवणार असाल तर अमेरिकी आवृत्त्यांपासून सावध. न्यूयॉर्कमध्ये हक्क नोंदवायचं राहून गेलं, त्यामुळे तिकडे चोरट्या आवृत्त्या निघाल्या आणि पॉटरला त्यांचा एक पैसा मिळाला नाही. काहींत चित्रं नक्कल केलेली आहेत, काहींत भलत्याच चित्रकाराची. शिवाय थॉर्नटन बर्जेस या अमेरिकी लेखकाचा पीटर रॅबिट म्हणून दुसराच एक ससा आहे. शोधताना दोघांची सरमिसळ होते.

शाईकाम

तिसऱ्या प्रश्नावर.

१९०२ ची चित्रं तिरंगी पद्धतीनं छापलेली आहेत. ठसे हेंचेल पद्धतीचे, छपाई एडमंड इव्हान्सची. मूळ चित्राचे तीन रंगगाळण्यांतून तीन फोटो काढायचे, प्रत्येकाचा बारीक ठिपक्यांचा ठसा करायचा आणि पिवळा, लाल, निळा असे एकावर एक छापायचे. काळा ठसा नाही. गडद भाग दिसतो तो तिन्ही शाया एकमेकींवर चढून. म्हणून त्यातली सावली कोमट तपकिरी लागते, काळी नाही.

आता तुमच्याकडे काय झालं असणार ते बघा. स्कॅनरनं चित्र नाही टिपलं, जुने ठिपके टिपले. त्यावर तुमच्या छापखान्यानं नवे ठिपके चढवले. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की लाटांची किंवा चौकटींची नक्षी उमटते, आणि ती सपाट रंगात, म्हणजे नेमकी निळ्या कोटावर, जास्त दिसते. मळकटपणाचं कारण दुसरं: सीएमवायके (छपाईच्या निळी, किरमिजी, पिवळी, काळी या चार शाया) करताना सॉफ्टवेअरनं सावल्यांत काळी शाई घातली. जलरंगाच्या तपकिरीत काळा मिसळला की ससा धुळीत लोळल्यासारखा दिसतो.

करायचं असं:

- भिंग घेऊन आधी प्रत तपासा. पीटरच्या कोटाची कड बघा. तिथं लाल किंवा पिवळी किनार बाहेर डोकावत असेल तर त्या प्रतीत तिन्ही ठसे नीट बसलेले नाहीत. तेच चित्र दुसऱ्या प्रतीतून घ्या. एकाच छपाईतल्या दोन प्रतींतही हा फरक असतो.
- पानामागे काळा कागद ठेवा, नाही तर मागचा मजकूर झिरपून दिसतो.
- ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा, आपोआप रंगसुधारणा बंद. ठिपके घालवायचा 'डीस्क्रीन' पूर्ण आकारावर आधी, आणि आकार छपाईच्या मापावर ३०० डीपीआयला नंतर. उलट केलंत तर नक्षी कायमची चित्रात बसते.
- सीएमवायके करताना काळ्याचं प्रमाण कमीत कमी ठेवा. मजकूर मात्र फक्त काळ्या शाईत, चार रंगांत नको. देवनागरीच्या शिरोरेषेला रंगीत सावली आली की वाचवत नाही.

सगळ्यात नाजूक जागा चित्राची कड. पॉटरच्या चित्रांना चौकट नाही. रंग विरत विरत कागदात मिळतो. जुना कागद पिवळलेला, त्यामुळे स्कॅनमध्ये चित्राभोवती पिवळट चौकोन येतो. तो घालवायला सरसकट पांढरं केलंत की विरणारी कडही जाते आणि गवत कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. कागदाचा रंग नमुना म्हणून उचलून फक्त तेवढाच वजा करा, आणि कडेजवळ हातानं मऊ ब्रशनं काम करा. एका चित्राला पाऊण तास धरा. २७ चित्रं म्हणजे वीस तास, ३१ म्हणजे तेवीस. यात घाई केलेली लगेच कळते.

कागद: मूळ चित्रं गुळगुळीत लेपाच्या कागदावरच छापलेली होती, कारण इतके बारीक ठिपके साध्या कागदावर पसरतात. तुम्ही १३० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅट आर्ट, म्हणजे न चमकणारा लेपाचा कागद, घ्या. ग्लॉसवर दिव्याखाली चकाकी येते. हल्ली नॅचरल शेडच्या, म्हणजे पिवळसर, कागदाचा आग्रह होतो, तो इथं नको; फिकट निळे आणि आभाळ हिरवट पडतील.

पानखूण

खूप उपयोग झाला. आकार साधारण १०.५ × १४ सेंमी धरलाय. पानं किती होतील?

शाईकाम

आकार बरोबर आहे, मूळही जवळपास तेवढंच. लहान हातात मावावं म्हणून पॉटरनं तो मुद्दाम निवडला होता. ए५ करायचा मोह टाळा. चित्रं मोठी केली की ठिपकेही मोठे होतात.

एका बाजूला मजकूर, समोर चित्र, अशा जोड्या. २७ चित्रांच्या संचात मुखचित्र सोडून २६ जोड्या, म्हणजे ५२ पानं. सुरुवातीची आणि शेवटची मिळून १२. एकूण ६४, म्हणजे १६ पानी चार फॉर्म (एकत्र घडी पडणारे पानांचे गठ्ठे), एकही पान वाया नाही. ३१ च्या संचात ३० जोड्या, ६० अधिक १२ म्हणजे ७२. तिथं साडेचार फॉर्म, तो अर्धा फॉर्म खर्च वाढवतो.

१९ × २५ इंची शीटवर एका बाजूला १६ पानं बसतात. ६४ पानांना प्रतीमागे दोन शीट. घडी मात्र ३२ पानी घालू नका. १३० जीएसएमला आतल्या पानांना कोपऱ्यात चुण्या पडतात. शीट मध्ये कापून १६-१६ ची घडी. कागदाचा धागा, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर येतोय ना, हे ऑर्डर देतानाच विचारा. आडवा आला की इतकं छोटं पुस्तक उघडं राहत नाही, फटकन मिटतं.

बांधणी शिलाईची. नुसत्या डिंकावर आर्ट पेपर धरत नाही आणि मुलं पुस्तक उलटं दुमडतात.

सशाचेकान

'पाय'बद्दल कुणी बोललं नाही. पीटरच्या बाबांना मॅकग्रेगरबाईंनी 'पायात घातलं' असं होतंय ते! 😄

शब्दवेल्हाळ

तेच लिहायला आले होते. 'पाय' अजिबात नको. 'रस्सा केला' हेही सुचेल, पण ३१ चा संच घेतलात तर समोरच्या चित्रात पाय दिसतो, मग रस्सा खोटा पडतो. 'मॅकग्रेगरबाईंनी त्यांना कणकेच्या पारीत घालून भाजलं' असं काही करा. आणि ते सपाट आवाजात. मूळ इंग्रजीत आई नुसतं 'अपघात' म्हणून मोकळी होते, गंमत त्यात आहे. आपल्याकडे त्यासाठी जड शब्द आहेत: 'तिथं तुमच्या बाबांच्या बाबतीत एक दुर्घटना घडली.' आई एरवी साधं बोलते, तिच्या तोंडी मध्येच 'दुर्घटना' आला की काम होतं. हळहळ दाखवणारं एकही विशेषण घालू नका.

गूझबेरी म्हणजे आवळा नव्हे, कोशात काहीही असो. आवळा झाड आहे. त्याच्यावर पाखरांसाठी जाळी कोण टाकतं? ही जमिनीलगतची काटेरी झुडपं, आणि पीटरच्या कोटाची मोठी बटणं त्यांच्यावरच्या जाळीत अडकतात. 'गूझबेरीच्या झुडपांवरची जाळी' लिहा, बाकी चित्र सांगेल. पार्स्लीची कोथिंबीर करू नका. फ्रेंच बीन्स मात्र बिनधास्त 'फरसबी'. मुळे खाताना चित्रात ते लाल आहेत, तर 'लाल मुळे' म्हणा, नाही तर मूल विचारणारच.

मॅकग्रेगर कांदे 'खुरपत होता' असं केलं असेल तर चित्र बघा. खुरपणी बसून होते. इथं तो पीटरकडे पाठ करून उभा आहे, हातात लांब दांड्याचं अवजार. 'कांद्याच्या वाफ्यात माती सारखी करत उभा होता' इतकं पुरे. रेकला 'दंताळं', वॉटरिंग कॅनला 'झारी', सीव्हला 'चाळण', स्केअरक्रोला 'बुजगावणं', हे शब्द आपल्याकडे आहेतच. शेवटी आई पीटरला देते त्या कॅमोमाइल टीला (औषधी फुलांच्या) 'चहा' म्हणू नका. मुलाला वाटेल बक्षीस मिळालं. 'काढा', आणि 'निजताना एक मोठा चमचा'. एका चमच्याची ही औषधी शिस्त आणि तीन बहिणींचं दूध-पाव-ब्लॅकबेरी हे समोरासमोर यायला हवं.

आता लिंगाचा प्रश्न. इंग्रजीत 'बनीज' म्हणून सुटता येतं, मराठीत क्रियापद सोडत नाही. फ्लॉप्सी, मॉप्सी, कॉटनटेल या मुली. अंगरखे तिघींचे सारखे, कोट एकट्या पीटरचा. पुढे १९०९ च्या पुस्तकात फ्लॉप्सी बेंजामिन या दुसऱ्या सशाची बायको झालेली आहे. तेव्हा 'त्या गेल्या', 'ते गेले' नव्हे. दाराशी वाटाणे-शेंगा वाहणारी उंदरीण आहे, उंदीर नव्हे. ती पिल्लांसाठी नेतेय आणि तोंडात इतका मोठा वाटाणा आहे की बोलता येत नाही.

सगळ्यात अवघड जागा चिमण्यांची. जाळीत अडकून पीटर रडतोय, आणि चिमण्या येऊन काय म्हणतात, तर एखाद्या सभ्य गृहस्थाच्या भाषेत त्याला 'प्रयत्नांची पराकाष्ठा' करायची कळकळीची विनंती करतात. बहुतेक जण इथं 'घाबरू नकोस, जोर लाव' करतात. तसं सोपं करू नका. मुलांना पराकाष्ठा कळत नाही, पण ऐकायला आवडतं, आणि मोठ्यानं वाचणाऱ्याला तिथं आवाज बदलता येतो.

आणि शिंक. झारीत पाणी आहे, पीटर आत बुडालाय, मॅकग्रेगर एकेक कुंडी उलटी करून बघतोय. मूळ शिंकेत जोडाक्षरांचा गुंता आहे. 'हाक् छी' बरी, पण छापताना ती ओळीच्या शेवटी तुटू देऊ नका. ती एकटीच्या ओळीत यावी.

शाईकाम

त्याला जोडून: मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका, उजवी कड मोकळी सोडा. १४ पॉइंटला ओळीत पाच-सहा शब्दच मावतात, ताणले की मध्ये भगदाडं पडतात. ओळींतलं अंतर २१ पॉइंट, नाही तर वरची वेलांटी खालच्या उकाराला भिडते.

आणि पानाचा मजकूर पुढच्या पानावर सांडू देऊ नका. मराठी वाक्य लांबलं तर वाक्य कापा. झारीचं चित्र समोर असताना शिंक पुढच्या पानावर गेली की संपलं.

पानखूण

२७ चा संच पक्का केला. पारी आणि दुर्घटना दोन्ही घेतली. 'पराकाष्ठा'ही ठेवते. चित्रांचं काम झारीपासून सुरू करतेय, तिथली निळी सावली सगळ्यात बिघडलेली आहे. पहिला नमुना छापून आला की इथंच टाकते.